रोममध्ये एकट्यानं पहिला दिवस: पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत, पायी

रोमच्या पहिल्या दिवशी कोलोसियमच्या आत जायचं नाही आणि व्हॅटिकनचं तर नावच काढायचं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. ज्या शहराची आपण पंधरा-वीस वर्षं वाट बघितली असते तिथे पोचल्यावर हात आवरत नाही, सगळं आजच बघायचं असतं. मी पहिल्या खेपेला तेच केलं, सकाळी नऊला कोलोसियम, दुपारी एकला व्हॅटिकन म्युझियम, दोन्ही तिकिटं महिनाभर आधी काढलेली, आणि सिस्टीन चॅपेलमध्ये पोचले तेव्हा मान वर करायचीसुद्धा ताकद नव्हती. मायकेलअँजेलोनं रंगवलेल्या ज्या छताचे फोटो शाळेपासून बघत आले त्याच्याखाली मी बसायला जागा शोधत होते. त्याचं मला खूप वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा पहिला दिवस वेगळा आखला. एकच तिकीट, तेही स्वस्तातलं, बाकी दिवसभर फक्त चालणं. तोच दिवस इथे तासातासानं लिहिते.

विमानतळ ते खोली

फ्युमिचिनोला उतरलात की टर्मिनी स्टेशनला थेट जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस आहे, १४ युरो, ३२ मिनिटं. कागदी तिकीट घेतलंत तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असून दंड होतो. रात्री उशिरा पोचत असाल आणि एकट्या बाई असाल तर मी सरळ टॅक्सी घ्या म्हणेन. अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचं जुन्या तटबंदीच्या आतलं भाडं ठरलेलं आहे, ५५ युरो, सामानासकट. आत येऊन 'टॅक्सी टॅक्सी' म्हणत मागे लागणाऱ्यांकडे बघायचं पण नाही, बाहेर रांगेतली टॅक्सी घ्यायची.

राहायला मोंती भाग घ्या. टर्मिनी आणि कोलोसियमच्या मधला हा उतार, छोट्या गल्ल्या, रात्री नऊ-दहापर्यंत माणसं रस्त्यावर असतात म्हणजे एकटीनं परत येताना धाकधूक होत नाही, आणि खाली लिहिलेला सगळा रस्ता इथून पायी होतो. हॉटेलवाले पासपोर्ट मागतील, द्या, तिथे नोंद करणं त्यांना बंधनकारक आहे. खोलीच्या भाड्यावर माणशी रात्रीप्रमाणे शहराचा वेगळा कर लागतो, तो बऱ्याचदा हॉटेलवरच भरायचा असतो, तेव्हा बुकिंगमध्ये पैसे भरले होते म्हणून वाद घालू नका.

जेट लॅग आपल्या बाजूने आहे

हे कळलं आणि माझा सगळा प्लॅनच बदलला. रोम भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. म्हणजे तुमचं शरीर घरी सकाळी आठला जागं होत असेल तर रोममध्ये पहाटे साडेतीन-साडेचारला डोळे टक्क उघडणार, आणि संध्याकाळी सात वाजता तुमच्यासाठी रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असणार. बरेच जण त्या पहाटेच्या जागेपणाशी भांडत बसतात, कूस बदलतात, मोबाईल बघतात. भांडू नका. उठा, तोंड धुवा, बूट घाला. रोम पाहायची सगळ्यात चांगली वेळ तीच आहे, आणि एरवी ज्या वेळी उठायला तुम्हाला तीन अलार्म लागतात त्या वेळी तुम्ही आपोआप जागे आहात.

बूट म्हणजे खरेच बूट. रोमच्या जुन्या भागातले रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे, सानपिएत्रिनी म्हणतात त्यांना, वरखाली बसलेले असतात आणि पाऊस पडला की गुळगुळीत होतात. पातळ तळव्याची चप्पल किंवा नवे कोरे शूज असतील तर दुपारपर्यंत पाय जातात, आणि दिवसभरात आठ-नऊ किलोमीटर सहज होतं.

बॅगेत: पाण्याची रिकामी बाटली, पॉवर बँक, एक ओढणी किंवा स्टोल (चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात), सुटी नाणी, फोनमध्ये ऑफलाईन नकाशा. पासपोर्ट अंगावरच्या आतल्या पाऊचमध्ये, त्याचा फोटो मेलवर. घरच्या कुणाला तरी लोकेशन चालू करून द्या आणि सांगा की मी सारखे मेसेज करणार नाही, दुपारी एक आणि रात्री एक.

पहाट: क्विरिनालेवरून त्रेव्ही

उजाडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी निघा. जूनमध्ये साडेपाचच्या सुमाराला उजाडतं, डिसेंबरात साडेसातला, त्याप्रमाणे वेळ धरा. मोंतीतून चढ चढून क्विरिनालेच्या चौकात जायचं, इटलीच्या राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा इथे आहे, पहारेकरी असतात त्यामुळे अंधारातही सुरक्षित वाटतं. चौकाच्या कडेला कठडा आहे. तिथे उभं राहिलं की खाली सगळी छपरं आणि त्यांच्या पलीकडे व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चचा घुमट. माझ्या मते रोमची पहिली भेट इथूनच व्हायला पाहिजे, स्टेशनसमोरच्या गोंगाटातून नाही.

तिथून उतार उतरत चाललात की नकाशाच्या आधी तुम्हाला पाण्याचा आवाज सापडतो. वळण घेतलं की समोर त्रेव्हीचं कारंजं, एका गल्लीच्या मानानं अवाढव्य, २६ मीटर उंच. दिवसा खाली कठड्यापाशी एका वेळी ४०० च लोकांना सोडतात आणि रांग लागते. पहाटे वरच्या रस्त्यावरून अख्खं कारंजं दिसतं आणि पाच-दहा माणसं असतात, कुणी झाडू मारतंय, कुणी फोटोग्राफर, एखादं लग्नाच्या कपड्यातलं जोडपं.

इथे माझी एक विनंती आहे. फोन खिशात ठेवा आणि दहा मिनिटं नुसतं बसा. इतक्या वर्षांचं स्वप्न समोर आलं की दोन गोष्टी होतात, एक तर रडू येतं किंवा काहीच वाटत नाही आणि त्या काहीच न वाटण्यानं माणूस घाबरतो, आपण एवढा खर्च करून आलो आणि हे काय. दोन्ही ठीक आहे. एकट्यानं आल्याचा फायदा हाच, की शेजारी कुणी 'कसं वाटतंय, कसं वाटतंय' विचारत नाही. मला पहिल्यांदा काहीच वाटलं नव्हतं, आणि दहाव्या मिनिटाला अचानक कळलं की हे पाणी फोटोत कधी वाहत नव्हतं.

आणि ते पाणी कुठलं आहे हे माहीत असेल तर अजून मजा. निकोला साल्वीनं आराखडा केलेलं हे कारंजं १७६२ साली पूर्ण झालं, पण त्याला पाणी पुरवणारी वाहिनी इसवी सन पूर्व १९ मधली आहे, आग्रिप्पा नावाच्या रोमन सेनापतीनं बांधलेली. दुरुस्त्या होत होत तीच वाहिनी अजून चालू आहे. आग्रिप्पा हे नाव लक्षात ठेवा, नऊ वाजता परत भेटणार आहे. नाणं टाकायचं तर उजव्या हातानं डाव्या खांद्यावरून मागे. ही नाणी गोळा करून कारितास या संस्थेमार्फत गरजूंसाठी वापरतात, तेव्हा वाया जात नाही.

पाणी आणि कॉफी

त्रेव्हीहून दहा मिनिटांवर स्पॅनिश स्टेप्स. इच्छा असेल तर सकाळीच उरका, १३५ पायऱ्या, १७२० च्या दशकात बांधलेल्या, शेजारच्या घरात कवी कीट्स १८२१ मध्ये वारला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, दंड मोठा आहे आणि पोलीस खरंच शिट्टी वाजवतात. मला स्वतःला ही जागा फार भावत नाही, पाय वाचवायचे असतील तर खुशाल गाळा.

बाटली भरायला शिका. रस्त्याकडेला लोखंडी ठेंगणे नळ दिसतील, चोवीस तास वाहणारे, त्यांना नाझोनी म्हणतात म्हणजे 'मोठी नाकं', शहरभर अडीच हजारांच्या आसपास आहेत. पाणी पिण्याचंच आहे, गार आणि चांगलं. नळाचं तोंड बोटानं खालून दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजासारखी धार येते, वाकायला नको. हे पहिल्यांदा जमलं की उगाचच रोमकर झाल्यासारखं वाटतं.

सात-साडेसातपर्यंत बार उघडतात. बार म्हणजे इथे दारूचा नाही, कॉफीचा. आत जाऊन काउंटरजवळ उभं राहून कॉफी पितात, आणि उभ्यानं पिण्याचा दर वेगळा, टेबलाशी बसून पिण्याचा वेगळा, पर्यटकांच्या चौकात तो तिप्पट-चौपट होऊ शकतो. उभ्यानं एस्प्रेसो दीड युरोच्या आतबाहेर मिळते. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर दाखवायची. नुसतं 'काफ्फे' म्हटलं की एस्प्रेसो येते, दूधवाली हवी तर 'कापुचिनो', सोबत 'कोर्नेत्तो', म्हणजे क्रोसाँसारखा गोडसर पाव. आत जाताना 'बुऑनजोर्नो' म्हणा, फार फरक पडतो. आणि टॉयलेट इथेच उरकून घ्या, रोममध्ये सार्वजनिक स्वच्छतागृह शोधण्यात वेळ घालवू नका, एक कॉफी आणि एक टॉयलेट हा हिशेब दिवसभर चालवा.

नऊ वाजता: पँथिऑन, दिवसाचं एकमेव तिकीट

पँथिऑन म्हणजे मोठ्या घुमटाचं प्राचीन रोमन मंदिर. तिकीट ऑनलाईन काढून ठेवलेलं बरं, आणि नऊला उघडतं तेव्हा दारात हजर राहायचं. आत जाण्याआधी वरचा मजकूर वाचा. मोठ्या अक्षरांत लिहिलंय की हे मार्कस आग्रिप्पानं बांधलं. हाच तो सकाळचा पाण्याचा माणूस. खरं तर आज उभी आहे ती इमारत त्याची नाही, त्याचं मंदिर जळालं आणि सम्राट हेड्रियनच्या काळात, सन १२६ च्या सुमारास, ही नवी पूर्ण झाली, पण हेड्रियननं नाव आग्रिप्पाचंच ठेवलं.

आत शिरल्यावर लगेच मधोमध जाऊ नका, आधी भिंतीला धरून एक फेरी मारा आणि मग मध्ये या. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून वरच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पूर्ण गोल चेंडू बसेल असं ते आहे. लोखंडी सळया न घालता बांधलेला जगातला सगळ्यात मोठा काँक्रीटचा घुमट अजूनही हाच. वर जाताना काँक्रीटमध्ये हलका दगड वापरलाय, शेवटी तर ज्वालामुखीतला सच्छिद्र दगड, म्हणून तो अठराशे-एकोणीसशे वर्षं डोक्यावर राहिलाय. वरचं भोक उघडं आहे. पाऊस आत पडतो, जमीन मध्ये किंचित फुगीर आहे आणि बारीक भोकांतून पाणी निघून जातं. पाऊस असेल त्या दिवशी लोक हळहळतात, मी म्हणते नशीब समजा. चित्रकार राफाएल इथेच पुरलेला आहे, डावीकडे बघा. अर्धा-पाऊण तास द्या, आत बाकं आहेत, बसा, उन्हाचा गोल भिंतीवरून सरकताना दिसतो.

कॅरावॅज्जो, गंगा, सीझर

पँथिऑनपासून तीन-चार मिनिटांवर सान लुइजी देई फ्रांचेझी हे चर्च आहे, फुकट. आत डाव्या बाजूच्या शेवटच्या देवळीत कॅरावॅज्जो या चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, १६०० च्या आसपासची. अंधार असतो, पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, म्हणून सुटी नाणी. अशी चित्रं बघायला एरवी म्युझियमची रांग लावावी लागते. दुपारी बरीच चर्च बंद असतात, साधारण साडेबारा ते तीन, म्हणून हे सकाळीच.

मग पियाझ्झा नवोना. चौक लांबुळका का आहे, तर पहिल्या शतकातलं दोमिशियन सम्राटाचं स्टेडियम इथे होतं आणि घरं त्याच्याच बाकांच्या पायावर उभी राहिली. मधलं कारंजं शिल्पकार बर्निनीचं, १६५१ चं, चार खंडांतल्या चार नद्या माणसांच्या रूपात: डॅन्यूब, नाईल, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. हातात वल्हं असलेला दाढीवाला पुरुष म्हणजे गंगा. तो शोधून काढा. आपल्याला ती आई, आणि तिथे दाढीवाला बाप्या, बघून जरा गंमतच वाटते, पण साडेतीनशे वर्षांपूर्वी रोमच्या मधोमध तिचं नाव कोरायला लोकांनी तिच्याबद्दल ऐकलेलं होतं हे मला फार आवडलं. नाईलचा चेहरा कापडानं झाकलाय कारण तिचा उगम तेव्हा युरोपला माहीत नव्हता.

तिथून काम्पो देई फ्योरी, रविवार सोडून सकाळी बाजार असतो, फळं घ्या. मधला टोपीतला पुतळा जिओर्दानो ब्रूनो या तत्त्वज्ञाचा, १६०० साली याच जागी त्याला जिवंत जाळलं. आणि पाच मिनिटांवर लार्गो आर्जेंतिना, ट्रामच्या थांब्याशेजारी खड्ड्यात चार जुनी देवळं आणि त्यांच्यात राहणारी मांजरं. इसवी सन पूर्व ४४ मध्ये सीझरला मारलं ते इथेच, देवळांमागच्या, पॉम्पे या सेनापतीच्या सभागृहात. रस्त्यावरून फुकट दिसतं. सीझरचा खून आणि बाजूला बसची वाट बघणारी माणसं, हे एकत्र बघितलं की रोम काय चीज आहे ते कळतं.

जेवण आणि दोन तास झोप

शाकाहारी असाल तर घाबरू नका, पण विचारून घ्या. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे' म्हणजे मांस नको, मासे नको. सगळ्यात सोपं म्हणजे पिझ्झा अल तालियो, कापून वजनावर विकतात, बोटानं किती हवा ते दाखवायचं, मार्गेरिता, बटाट्याचा, किंवा नुसता तेल-मिठाचा बियांका. पास्त्यात काचो ए पेपे म्हणजे चीज आणि मिरी. आमात्रिचाना, कार्बोनारा या दोन्हींत डुकराचं मांस असतं, आणि सुप्ली नावाचे तांदळाचे तळलेले गोळे निरुपद्रवी दिसले तरी आत बहुतेक वेळा खिमा असतो. लार्गो आर्जेंतिनापासून जवळच जुनी ज्यू वस्ती आहे, तिथे कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणाऱ्या, हॉटेलांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे ज्यांच्या पाटीवर दुधाच्या पदार्थांचं कोशर असं लिहिलंय तिथे मांस स्वयंपाकघरात येतच नाही, मासे मात्र असतात. वसंतात गेलात तर तिथला तळलेला आर्टिचोक, कार्चोफी आल्ला जुदिया, नक्की खा.

एकट्यानं हॉटेलात बसायचा संकोच वाटतो, मलाही वाटायचा. दुपारी साडेबारालाच जा, तेव्हा गर्दी नसते आणि एकट्या माणसाला खिडकीजवळचं टेबल मिळतं. वही काढा, सकाळचं लिहून टाका.

मग खोलीवर. हो, भर दुपारी. तुम्ही पहाटेपासून चालताय. दोन तास आडवे व्हा, अलार्म लावून, कारण अलार्म नाही लावला तर थेट रात्री अकराला जाग येते आणि पुढचे तीन दिवस घड्याळ बिघडतं. उन्हाळ्यात तर दोन ते पाच रस्त्यावर थांबूच नये.

संध्याकाळ: कॅपिटोलवरून कोलोसियम, बाहेरून

पाचच्या सुमाराला (हिवाळ्यात साडेतीनला) कॅपिटोलच्या टेकडीवर जा. रुंद उतरणीचा जिना आणि वरचा चौक मायकेलअँजेलोच्या आराखड्याचा, मधला घोडेस्वार सम्राट मार्कस ऑरेलियस, बाहेरचा नक्कल आणि अस्सल आतल्या म्युझियममध्ये. पण आपण आलोय ते मागच्या बाजूसाठी. समोरच्या इमारतीच्या उजव्या-डाव्या अंगानं मागे गेलात की खाली अख्खं रोमन फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, पसरलेलं, सेप्टिमियस सेव्हेरसची २०३ सालची कमान, शनीच्या देवळाचे आठ खांब, आणि लांब टोकाला कोलोसियम. तिकीट नाही. मावळतीचं ऊन विटांवर येतं तेव्हा कुणी मोठ्यानं बोलत नाही.

खाली उतरून ट्रेजनचा स्तंभ डावीकडे ठेवून मोठ्या रस्त्यानं कोलोसियमकडे चाला. हा सरळसोट रस्ता मुसोलिनीनं १९३२ मध्ये जुन्या वस्त्या आणि प्राचीन चौकांवरून काढला, म्हणून दोन्ही बाजूंना खड्ड्यात अवशेष दिसतात. कोलोसियम सन ८० मध्ये सुरू झालं. बाहेरून त्याला पूर्ण फेरी मारा, आणि उंच शाबूत बाजूच्या कमानींवर रोमन आकडे शोधा. प्रवेशद्वारांचे नंबर आहेत ते, एकूण ८० दारं होती, प्रेक्षक आपल्या तिकिटावरचा नंबर बघून आत जायचे. नंतर मेट्रो स्टेशनच्या वरच्या अंगाला निकोला साल्वीच्याच नावाच्या रस्त्यावर चढा, तिथल्या कठड्यावरून दिवे लागताना बघा.

या पट्ट्यात सांभाळायचं ते एवढं: हातात धागा बांधायला किंवा गुलाब द्यायला आलेल्याला थांबूच द्यायचं नाही, सही मागणारा कागद पुढे आला की बॅगेवर हात ठेवायचा, ग्लॅडिएटरच्या वेषातल्या माणसाबरोबर फोटो काढला की तो पैसे मागतो. फोटो काढून घ्यायचा असेल तर कुटुंबाला विचारा, आधी त्यांचा काढून द्या. मेट्रोत आणि ६४ नंबरच्या बसमध्ये पाकीटमारी जास्त, बॅग पुढे घ्या. काही झालंच तर ११२.

मोंती इथून दहा मिनिटांवर. हलकं काहीतरी खा, आंघोळ करा, नऊला दिवा बंद. घरी मेसेज टाका. आणि झोपायच्या आधी उद्याचं कोलोसियमचं तिकीट फोनवर उघडून त्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना बघा, दारात ते जुळवतात. स्लॉट सकाळचा पहिला घेतला असेल तर पहाटेची जाग उद्याही कामाला येते.